हॅनकॉक काउंटीतली दोन माणसे

लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या संग्रहातला व्हर्जिनिया राज्याचा १८६१ चा एक नकाशा गेले काही दिवस मी संगणकाच्या पडद्यावर मोठा करून पाहतो आहे. अमेरिकी सरकारच्या किनारा सर्वेक्षण खात्यात तो तयार झाला आणि वॉशिंग्टनमध्ये शिळाप्रेसवर छापला गेला. १८६० च्या जनगणनेच्या आधारे प्रत्येक काउंटीत, म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्यासारख्या विभागात, लोकसंख्येचा किती हिस्सा गुलाम होता हे त्यात छटांनी दाखवले आहे. प्रमाण जितके जास्त, तितकी छटा गडद. पावसाच्या तुटीचे असे नकाशे आपण दर पावसाळ्यात वर्तमानपत्रांत पाहतो, म्हणून त्यात नवल वाटत नाही. पण त्या वेळी अमेरिकेत ही रीत अगदी नवी होती.

त्या जनगणनेत व्हर्जिनियाची लोकसंख्या १५,९६,३१८ होती आणि त्यातली ४,९०,८६५ माणसे गुलाम होती. शंभरात एकतीस, असे म्हणून आकडेवारी मोकळी होते. नकाशा मात्र ही सरासरी किती फसवी आहे ते दाखवतो. तंबाखूच्या मळ्यांच्या दक्षिण भागात नॉटोवे काउंटीसारखे काळेभोर ठिपके आहेत, जिथे दर चार माणसांतली जवळपास तीन गुलाम होती. ब्लू रिजची डोंगररांग ओलांडली की छटा फिकट होत जाते, आणि ओहायो नदीच्या काठी, राज्याच्या वायव्येकडे वर घुसलेल्या चिंचोळ्या पट्टीत, कागद जवळजवळ पांढराच राहतो.

नकाशावरची तारीख आहे १३ जून १८६१. राज्याच्या अधिवेशनाने १७ एप्रिलला संघराज्यातून फुटून निघण्याचा ठराव केला होता आणि नकाशाच्या दोनच दिवस आधी, ११ जूनला, पश्चिमेकडच्या व्हीलिंग शहरात त्या ठरावाच्या विरोधकांची दुसरी परिषद भरली होती. याच घडामोडींतून २० जून १८६३ रोजी वेस्ट व्हर्जिनिया हे वेगळे राज्य झाले. नकाशा समोर ठेवला की राज्य कुठे फाटणार हे आधीच दिसत होते, असे म्हणण्याचा मोह होतो. तो मी आवरतो, कारण हार्पर्स फेरी हे गाव जिच्यात येते ती जेफर्सन काउंटी काही पांढरी नव्हती. तिथे गुलामांची संख्या चांगलीच होती आणि तरीही ती नव्या राज्यात गेली. बाल्टिमोर-ओहायो रेल्वेचा मार्ग तिथून जात होता, हे त्यामागचे एक मोठे कारण. जेफर्सन आणि शेजारच्या बर्कली काउंटीवरचा वाद सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आणि १८७१ मध्ये वेस्ट व्हर्जिनियाच्या बाजूने सुटला.

१८६१ च्याच सप्टेंबरमध्ये सर्व दक्षिणी राज्यांचा असाच नकाशा निघाला, आणि तो जास्त गाजला. लिंकन तो वारंवार पाहत असत. गुलाममुक्तीच्या जाहीरनाम्याचे पहिले वाचन दाखवणाऱ्या फ्रान्सिस कार्पेंटर यांच्या १८६४ च्या चित्रात, उजव्या कोपऱ्यात, तो टेकवून ठेवलेला दिसतो. मला मात्र व्हर्जिनियाचाच अधिक मोलाचा वाटतो, कारण एका राज्याच्या पोटातली दरी त्यात जवळून दिसते.

एक गोष्ट मात्र खटकते. छटा प्रमाणावरून ठरते, माणसांच्या संख्येवरून नाही, त्यामुळे फिकट काउंटी म्हणजे गुलामगिरी नसलेली काउंटी, असा समज सहज होतो. वायव्येच्या त्या पट्टीच्या अगदी टोकाला हॅनकॉक काउंटी आहे. १८६० मध्ये तिथे दोन गुलाम होते. जनगणनेच्या गुलामांसाठीच्या वेगळ्या तक्त्यांत मालकाचे नाव लिहीत आणि त्याखाली गुलामांचे वय, लिंग आणि वर्ण. त्यांची नावे बहुतेक ठिकाणी लिहीतच नसत. हॅनकॉकच्या जागेवर नकाशा कितीही मोठा केला, तरी त्या दोघांच्या वाट्याला तिथे पुरती एक छटाही आलेली दिसत नाही.