तुम्ही विचारलंत म्हणून: शिकागोत दोन दिवस आणि एक सामना

"दोनच दिवस आहोत शिकागोत. काय काय बघायचं, खरेदी कुठे करायची, आणि बेसबॉलचा एखादा सामना बसेल का त्यात?" उन्हाळा जवळ आला की हा प्रश्न मला हमखास येतो. कुणी मुलाच्या पदवीदानाला आलेलं असतं, कुणी न्यू जर्सीला लेकीकडे असतं आणि मधल्या शनिवार-रविवारी शिकागो उरकायचं असतं. सगळ्यांना मी एकच सांगते: सामना आधी पक्का करा, बाकीचं त्याच्या आजूबाजूला आपोआप बसतं.

इमारती कुठे जात नाहीत, दुकानं संध्याकाळपर्यंत उघडी असतात. तारीख आणि वेळ ठरलेली असते ती फक्त सामन्याची. कब्ज हा इथला लाडका संघ. सीझनमध्ये १६२ सामने, त्यातले निम्मे घरच्या मैदानावर, म्हणजे रिग्ली फील्डवर. पण संघ दौऱ्यावर गेला की आठवडा-आठवडा मैदान रिकामं. म्हणून विमानाचं तिकीट काढायच्या आधी वेळापत्रक बघा. कब्ज बाहेरगावी असतील तेव्हा शहराच्या दक्षिणेला व्हाइट सॉक्सचा सामना बहुतेक वेळा असतो आणि तिथली तिकिटं सहसा स्वस्त पडतात. तरी पहिल्यांदाच येत असाल तर रिग्लीच बघा, हा माझा आग्रह.

आणि बघायचा तो दुपारचा सामना. रिग्ली १९१४ साली बांधलं; १९८८ च्या ऑगस्टपर्यंत तिथे दिवेच नव्हते, सगळे सामने उन्हात व्हायचे. ती सवय अजून टिकून आहे, त्यामुळे दुपारी १:२० ला सुरू होणारे सामने भरपूर असतात. पाहुण्यांच्या दृष्टीने ही वेळ सोन्यासारखी. सकाळ हातात राहते, संध्याकाळही मिळते.

सकाळी काय करायचं? नदीतली बोट. मिशिगन ॲव्हेन्यूच्या पुलापाशी जिने उतरलं की धक्का लागतो. तिथून शिकागो आर्किटेक्चर सेंटरची बोट निघते, दीड तासाची फेरी असते. शहर दोन दिवसांत समजून घ्यायचं तर याहून चांगला रस्ता मला माहीत नाही. १८७१ च्या आगीत गावाचा मोठा भाग जळाला, त्यानंतर इथे इमारती कशा चढत गेल्या, १९०० साली नदीचा प्रवाहच उलटा कसा फिरवला, हे सगळं सांगत नेतात. दक्षिणेच्या फाट्याला वळलं की विलिस टॉवर दिसतो, ११० मजली. त्याची रचना ज्यांनी बसवली ते फझलूर रहमान खान ढाक्याचे. त्याच्या १०३ व्या मजल्यावर काचेच्या सज्जात उभं राहायची हौस सगळ्यांना असते. पण दोनच दिवस असतील तर त्या रांगेत घालवायला वेळ नाही. बोटीतून मान वर करून बघा, समाधान होतं.

बोटीची फेरी साडेअकराच्या आत संपली की चालत शहर-रेल्वेच्या रेड लाइनचं स्टेशन गाठा. जमिनीखालून निघालेली गाडी पुढे वर येते आणि घरांच्या मागच्या लाकडी जिन्यांच्या उंचीने धावते. वीसेक मिनिटांत ॲडिसन स्टेशन. उतरलं की मैदान समोरच. गाडी भाड्याने घेतली असेल तर ती हॉटेलवरच राहू द्या. मैदान भर वस्तीत आहे, पार्किंग शोधण्यात पहिले दोन-तीन डाव निघून जातात.

तिकिटाबद्दल एक बारीक गोष्ट. वरच्या मजल्याखाली येणाऱ्या मागच्या रांगांना सावली असते, पण तिथे खांब आडवे येतात. बुक करताना तशी सूचना लिहिलेली असते ती वाचा. एप्रिल-मेमध्ये मात्र सावली मुळीच नको, मिशिगन तळ्यावरचं वारं अंगात शिरतं. जाकीट न्याच. आणि बाहेरचं खाणं आत नेता येतं, पाण्याची सीलबंद प्लास्टिकची बाटलीही चालते. शाकाहारी मंडळींना मी तिखटमिठाच्या पुऱ्या बांधून देते.

"आम्हाला बेसबॉल कळत नाही" असं म्हणून अनेक जण मागे सरतात. क्रिकेटवर वाढलेल्या माणसाला एका डावात कळतो. तीन बाद झाले की डाव बदलतो, दोन्ही संघांना नऊ-नऊ वेळा खेळायला मिळतं, सामना बरोबरीत सुटत नाही. २०२३ पासून पिचरला, म्हणजे चेंडू टाकणाऱ्याला, घड्याळ लावलंय, त्यामुळे सामना साधारण अडीच-पावणेतीन तासांत आटोपतो. फाऊल, म्हणजे रेषेबाहेर मारलेला, चेंडू तुमच्याकडे आला तर तो तुमचा, परत द्यायचा नसतो. पाहुण्या संघाने होम रन, म्हणजे आपल्या षटकारासारखा फटका, मारला तर मात्र समोरच्या बाकड्यांवरचे प्रेक्षक तो चेंडू मैदानात परत फेकून देतात, आणि नाही फेकला तर अख्खा स्टँड ओरडायला लागतो.

माझे मामा तालुक्याच्या क्लबात वर्षानुवर्षं स्कोअरबुक लिहायचे. त्यांना रिग्लीला नेलं तेव्हा दारात त्यांनी छापील स्कोअरकार्ड आणि पेन्सिल घेतली. शेजारी एक आजी स्वतःची वही मांडीवर घेऊन बसल्या होत्या. त्यांनी मामांना शिकवलं: मैदानातल्या प्रत्येक जागेला आकडा असतो, पिचर १, कॅचर (आपला यष्टिरक्षक) २, पहिल्या बेसवरचा, म्हणजे धावणाऱ्याच्या पहिल्या टप्प्यावरचा, ३, शॉर्टस्टॉप (दुसऱ्या-तिसऱ्या बेसमधला क्षेत्ररक्षक) ६. शॉर्टस्टॉपने चेंडू उचलून पहिल्या बेसवर फेकला आणि माणूस बाद झाला की चौकटीत लिहायचं ६-३. तीन स्ट्राइक, म्हणजे तीन चेंडू हुकून, बाद झाला तर इंग्रजी के. आणि शेवटच्या चेंडूला बॅटच फिरवली नाही, नुसता बघत राहिला, तर तोच के उलटा काढायचा. मामांना त्या उलट्या के चं काय कौतुक! मग त्यांचं लक्ष वरच्या धावफलकाकडे गेलं. १९३७ चा आहे, आणि अजूनही आतली माणसं हाताने आकड्यांच्या पाट्या बदलतात. मामा म्हणाले, "अगं, हे तर आपल्यासारखंच!" त्या दिवशी त्यांनी एकही चौकट मोकळी सोडली नाही. सातव्या डावाच्या मध्यात सगळं मैदान उभं राहून गातं तेव्हासुद्धा ते एक रकाना पूर्ण करत होते.

१९०८ नंतर कब्जना अजिंक्यपद मिळायला २०१६ उजाडावं लागलं. मधल्या १०८ वर्षांत नातवंडांना कडेवर घेऊन लोक इथे येतच राहिले. तसं बसून सामना बघणारी माणसं भेटतात, म्हणून मी पाहुण्यांना इथे पाठवते.

सामना चारच्या सुमारास संपतो. जिंकले तर धावफलकावर डब्ल्यू लिहिलेलं पांढरं निशाण चढतं. मग परतीच्या गर्दीत न शिरता त्याच रेड लाइनने उत्तरेला लोयोलापर्यंत जा आणि तिथून बसने डेव्हन ॲव्हेन्यू. पटेल ब्रदर्स या भारतीय किराणा दुकानांच्या साखळीचं पहिलं दुकान १९७४ साली याच रस्त्यावर निघालं. अमेरिकेतल्या छोट्या गावांतून येणाऱ्यांनी इथे मसाले, साड्या, दागिने, काय हवं ते घ्यावं. भारतातून आलेल्यांनी फक्त जेवावं.

दुसरा दिवस पायी. सकाळी लवकर मिलेनियम पार्क, गर्दी व्हायच्या आत. तिथलं ते चकचकीत 'बीन' नावाचं शिल्प अनिश कपूर यांचं, जन्म मुंबईचा. तिथून हाकेच्या अंतरावर आर्ट इन्स्टिट्यूट. स्वामी विवेकानंदांनी ११ सप्टेंबर १८९३ ला भाषण केलं ते याच इमारतीत. तो सभामंडप आता राहिला नाही, पण समोरच्या रस्त्याला त्यांच्या नावाची पाटी आहे आणि आत फलक आहे. आई-वडील बरोबर असतील तर हे चुकवू नका. संग्रहालय सध्या मंगळवारी-बुधवारी बंद असतं, म्हणजे दिवस ठरवताना सामन्याखालोखाल हेच बघायचं.

खरेदी अगदी शेवटी ठेवा. पिशव्या हातात आल्या की पाय चालेनासे होतात. मिशिगन ॲव्हेन्यूच्या मोठ्या दुकानांचं नाव सगळे घेतात. मी स्टेट स्ट्रीटला पाठवते. मॅडिसनच्या कोपऱ्यावरचं टार्गेट वास्तुकार लुई सलिव्हनने बांधलेल्या इमारतीत आहे. चॉकलेटं, व्हिटॅमिनच्या बाटल्या, भाच्यांचे टी-शर्ट, यादीतलं सगळं तिथे मिळतं, आणि आत शिरायच्या आधी कोपऱ्यावरच्या दाराभोवतीची लोखंडी वेलबुट्टी पाच मिनिटं थांबून बघा. पुढे मेसीज या मोठ्या दुकानात वर बघितलं की १९०७ चं टिफनीचं काचकामाचं छत दिसतं, त्याचे पैसे पडत नाहीत. किमतीच्या चिठ्ठीवर कर धरलेला नसतो. इथे तो दहा टक्क्यांच्या वर जातो आणि परदेशी पाहुण्यांनाही परत मिळत नाही. हिशेब आधीच करा.

संध्याकाळचं विमान ओहेअरवरून असेल तर डाउनटाउनमधून ब्लू लाइन धरा, पाऊण तास लागतो. शुक्रवारी संध्याकाळी टॅक्सीला त्याच्या दुप्पट लागू शकतो.