कोन, पाइप की साधा कागदी फिल्टर? गाडीच्या इनटेकचा माझा अनुभव

वॉरंटी संपली की गाडीवाल्याच्या डोक्यात किडे वळवळायला लागतात, माझ्या डोक्यात एअर इनटेकचा, म्हणजे इंजिनात हवा जाते त्या फिल्टर-पाइपचा, वळवळला. गाडी साधी पेट्रोल हॅचबॅक, १.२ लिटर, चार सिलेंडर, टर्बो बिर्बो काही नाही. मॉडेल मुद्दाम सांगत नाही, नाहीतर मूळ विषय राहील बाजूला आणि कोणती कंपनी भारी यावरच जुंपेल. त्रास एवढाच की कसारा घाट चढताना चौघं बसले आणि एसी लावला की गाडी दम टाकते. त्यात मावसभावाने त्याच्या गाडीला कोन, म्हणजे शंकूसारखा उघडा एअर फिल्टर, बसवला, अ‍ॅक्सिलरेटर दाबला की घुरर्र असा आवाज, ऐकून मी पण पेटलो.

इथे नाशिकला मुंबई नाक्याकडच्या एक-दोन दुकानांत चौकशी केली तर प्रत्येकजण वेगळंच काहीतरी गळ्यात मारायला बसलेला. थोडक्यात प्रकार तीन. एक म्हणजे पॅनल फिल्टर, कंपनीच्या डब्यात कागदी फिल्टरच्या जागी बसतो, कापडी असतो, तेल लावलेला, धुवून परत वापरायचा. के अँड एन, बीएमसी ही नावं सगळ्यांना माहिती, मला चार-पाच हजार सांगितले. दुसरा शॉर्ट रॅम, म्हणजे डबाच काढून टाकायचा आणि छोट्या पाइपवर कोन फिल्टर लावायचा, मावसभावाचा हाच. तिसरा कोल्ड एअर इनटेक, ज्यात लांब पाइप फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) आत किंवा बंपरमागे नेऊन बाहेरची थंड हवा ओढायची, हा सगळ्यात महाग.

दुकानदार म्हणाला, "भाऊ, दहा हॉर्सपॉवर वाढते, लिहून देतो." मी म्हटलं लिहून द्या, तर हसला.

आता गंमत अशी की नाशिकच समुद्रसपाटीपासून साधारण ६०० मीटर वर आहे आणि बिनटर्बोच्या इंजिनाची ताकद दर १०० मीटरला ढोबळमानाने एक टक्का कमी होते, म्हणजे इथे सहा-सात टक्के आधीच गेले, ते कुठलाही पाइप परत आणत नाही कारण हवाच विरळ आहे. मग प्रश्न उरतो की फिल्टर अजून किती अडवतो? हे मोजता येतं आणि बहुतेक लोक मोजतच नाहीत. माझ्या गाडीत मॅप सेन्सर आहे, म्हणजे थ्रॉटलच्या (पायाने दाबलं की उघडणाऱ्या हवेच्या झडपेच्या) पुढे इंजिनाकडे जाणाऱ्या हवेचा दाब मोजणारा. ओबीडी डोंगल, म्हणजे गाडीच्या सेन्सरचे आकडे मोबाइलवर दाखवणारं छोटं यंत्र, लावायचं, इंजिन बंद ठेवून नुसती चावी ऑन करायची, जो आकडा दिसेल तो बाहेरच्या हवेचा दाब. माझ्याकडे ९४ किलोपास्कल आला. मग पहाटे विल्होळीच्या पुढे रस्ता मोकळा बघून दुसऱ्या गिअरला पूर्ण थ्रॉटल, साडेपाच हजार आरपीएम, जुना मळका कागदी फिल्टर आत असताना ९१. नवा कागदी टाकला, ९२. मित्राचा कापडी पॅनल मागून आणला, तोही ९२. मावसभावाचा कोन लावला तर ९२ आणि ९३ च्या मध्ये आकडा उड्या मारत होता.

म्हणजे सगळा खेळ एक-दोन टक्क्यांचा, आणि त्यातला मोठा भाग साडेतीनशे रुपयांच्या नव्या कागदी फिल्टरनेच भरून निघाला. शिवाय हा फरक फक्त पूर्ण थ्रॉटलला. शहरात आपण थ्रॉटल जेमतेम उघडतो, तिथे हवा थ्रॉटलची प्लेटच अडवते, फिल्टर नाही. म्हणून इनटेकने अ‍ॅव्हरेज वाढतं हे मला पटत नाही. अमेरिकेत ओक रिज लॅबने २००९ मध्ये हेच तपासलं होतं, फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत चोंदलेल्या फिल्टरनेही अ‍ॅव्हरेजला फरक पडला नाही, पिकअपला मात्र पडला.

कोनचा खरा निकाल द्वारका सर्कलला लागला. एप्रिलची दुपार, बाहेर ३८ डिग्री, ट्रॅफिक तुंबलेला, आत जाणाऱ्या हवेचं तापमान ६० च्या वर गेलं. कंपनीचा डबा त्याच जागी ४५-४६ दाखवत होता, कारण त्याचं नाक समोरच्या जाळीमागे असतं, म्हणजे थंड हवेची सोय कंपनीने आधीच करून ठेवलेली. हवा तीन डिग्री तापली की घनता साधारण एक टक्का कमी, तर पंधरा डिग्रीला किती ते तुम्हीच बघा. पाइपने एक टक्का दिला आणि बॉनेटखालच्या गरमीने चार-पाच काढून घेतले! वाढते ती ताकद नाही, आवाज वाढतो, कारण कंपनीने आवाज दाबायला लावलेला रेझोनेटर काढलेला असतो. आणि आवाज मोठा झाला की गाडी पळतेय असं वाटतंच, मलाही वाटलं, आकडे बघेपर्यंत.

कोल्ड एअरवाला प्रकार तत्त्वाने बरोबर आहे, पण फिल्टर एवढा खाली गेल्यावर पावसाळ्यात काय? आमच्याकडे गंगापूर धरणातून पाणी सोडलं की गोदावरीच्या पात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या कंबरेला लागलं का छातीला यावर पुराचं माप ठरतं, इगतपुरी-घोटीचा पाऊस तर विचारूच नका. फिल्टर पाण्यात बुडाला आणि इंजिनाने पाणी ओढलं तर पाणी काही दाबलं जात नाही, पिस्टनला जोडलेला कनेक्टिंग रॉड वाकतो, आणि मग बिल लाखाकडे जातं. हा पर्याय मी तिथेच सोडला.

राहिला कापडी पॅनल, तो मी महिनाभर वापरला. गॅरेजवाले काका म्हणाले, "पाइप काढ आणि आतून पांढरा रुमाल फिरव." फिरवला तर बारीक धूळ आली. आधी कागदी असताना रुमाल जवळजवळ स्वच्छ निघाला होता. कागदावर जरा धूळ बसली की तो उलट जास्त बारीक गाळतो, कापडी धुतला की परत पहिल्यापासून सुरू. तेल जास्त झालं तर वेगळाच ताप, ज्या गाड्यांत मॅफ सेन्सर (आत किती हवा गेली ते मोजणारा) असतो, डिझेलमध्ये तर हमखास, तिथे ते तेल सेन्सरच्या गरम तारेवर बसतं आणि रीडिंग चुकायला लागतं. आडगावच्या मित्राच्या डिझेल एसयूव्हीला हेच झालं, सेन्सर क्लीनर मारल्यावर नीट झाली.

तर सध्या कागदी फिल्टर आहे, कंपनी सांगते त्याच्या निम्म्या किलोमीटरला बदलतो, द्राक्षबागांच्या कच्च्या रस्त्यांवर जाणं असतं म्हणून. बसवताना रबराची कड नीट बसली का आणि डब्याच्या सगळ्या क्लिपा लागल्या का एवढं बोट फिरवून बघतो, कारण फटीतून गेलेली हवा गाळलेली नसते. घाटात आता एसी बंद करतो, त्याने जो फरक पडतो तो कुठल्याच पाइपने पडला नव्हता.

मावसभाऊ काही ऐकत नाही. अंबडला ओळखीच्या फॅब्रिकेटरकडून कोनभोवती अ‍ॅल्युमिनियमचा डबा करून घेतोय, पुढच्या जाळीतून हवा येईल असा, आणि डोंगल घेऊन ये म्हणतोय. मी म्हटलं येतो, पण मोजायचं एप्रिलच्या दुपारीच. डिसेंबरात निफाडच्या थंडीत नेली तर प्रत्येक इनटेक कोल्ड एअरच असतो.