गॉर्डन नदी आणि क्वीन्सटाउन

आज टास्मानियाच्या पश्चिम किनाऱ्यावर. सकाळी स्ट्राहनहून बोटीने गॉर्डन नदीत शिरलो. पाणी कोऱ्या चहाच्या रंगाचं, कारण पाणथळ गवताळ माळांवरून येताना ते टॅनिन (वनस्पतींतलं तपकिरी रंगद्रव्य) घेऊन येतं. दोन्ही काठांना वर्षावन, त्यात ह्यूऑन पाइन. हे झाड दोन हजारांहून जास्त वर्षं जगतं. अंगच्या तेलामुळे लाकूड कुजत नाही, म्हणूनच जहाजांसाठी बेसुमार तोडलं गेलं.

दुपारी क्वीन्सटाउन. माउंट लायलच्या तांब्याच्या भट्ट्यांसाठी इथली झाडं गेली, गंधकाच्या धुराने उरलेली मेली, पावसाने माती धुऊन नेली. डोंगर अजून बरेच उघडे आहेत. अनेकांना ते सुंदर वाटतात, मला बघवेनात. इथेच १९१२ च्या खाणीतल्या आगीत ४२ कामगार गेले.

फ्रँकलिन नदीचं खोरंही धरणात जाणार होतं. लोक रबरी होड्यांतून आडवे आले, शेकड्यांनी अटक करून घेतली. १९८३ मध्ये ऑस्ट्रेलियाच्या हायकोर्टात धरणाच्या विरोधात निकाल लागला, ४ विरुद्ध ३. एकच मत! आडवे आलेल्या त्या माणसांचे मनापासून आभार मानावेसे वाटतात.

उद्या दातेरी रुळांवरून चढणाऱ्या जुन्या खाण-रेल्वेने जायचंय.