चोळू नका!

आज रत्नागिरीजवळच्या एका गावात कबड्डीच्या स्पर्धेला गेले होते. प्रेक्षक म्हणून नाही, बर्फाचा डबा सांभाळायला. (फिजिओथेरपीचं तिसरं वर्ष. आजी अजून सगळ्यांना "मालीशचं शिकते" असंच सांगते.)

दुसऱ्याच सामन्यात चढाई करणाऱ्याचा घोटा धरला गेला, पाय आत मुरगळला. मी पोचेपर्यंत एक काका पाय चोळायला बसलेसुद्धा. "काय नाय गो बाय, शीर चढलीय, उतरवतो." त्यांना थांबवताना माझा आवाज चिरकला, कबूल करते.

मग ओटावा नियम आठवले, म्हणजे मुरगळलेल्या घोट्याचा एक्स-रे लागेल का हे ठरवायची तपासणी. घोट्याच्या दोन्ही बाजूंच्या हाडांची मागची कड, खालची 6 सेंटिमीटर, बोटाने दाबून बघायची. पावलाच्या मधल्या भागातली दोन हाडं. आणि चार पावलं टाकता येतात का. हाड कुठेच दुखलं नाही, लंगडत का होईना, चार पावलं पडली. म्हणजे एक्स-रेची घाई नव्हती. बर्फ, क्रेप बँडेज, पाय उंचावर.

"आता उतरू?" त्याने विचारलं. संघ दोन गुणांनी मागे, कर्णधार माझ्याकडे बघतोय. नाही म्हटलं. व्हायव्हाला असला घाम फुटला नव्हता.

अमेरिकेत याच कामासाठी अ‍ॅथलेटिक ट्रेनर हा वेगळा पेशा आहे: मान्यताप्राप्त मास्टर्स, मग बीओसी या प्रमाणपत्र देणाऱ्या मंडळाची परीक्षा. इथे मैदानाच्या कडेला आम्हीच.

जाताना काकांनी विचारलं, "आंबेहळद तरी लावू?" म्हटलं, पट्टी सोडल्यावर लावा, फक्त चोळू नका. उद्या सकाळी सुजेचा फोटो पाठवणारेत.