एफ१० दाबलं की

कालपासून ‘मंकी आयलंड’ या कॉम्प्युटर गेमच्या नायकाचा, गायब्रशचा आवाज डोक्यातून जात नाही. आवाज वाईट आहे असं नाही, उलट फारच चांगला आहे. डॉमिनिक आर्माटोचा. १९९७ साली मालिकेतल्या तिसऱ्या गेममध्ये त्याने गायब्रशला पहिल्यांदा बोलतं केलं, आणि २००९ मध्ये लुकासआर्ट्सने ‘द सीक्रेट ऑफ मंकी आयलंड’ची स्पेशल एडिशन काढली तेव्हाही तोच बोलला. समुद्री चाचा व्हायला निघालेला, जरा भाबडा, जरा फुशारक्या मारणारा पोरगा. आवाज अगदी तसाच. मग इतकं भरून का आलं?

१९९० चा मूळ गेम बोलत नव्हता. संगीत होतं, पण संवाद सगळे डोक्यावर उमटणाऱ्या रंगीत अक्षरांत. ते मोठ्याने वाचायचा दादा. दर चाच्याला वेगळा आवाज लावून, आमच्या शाळेतल्या इंग्रजीत. आणि ती तलवारबाजी! तिथे जिंकायला मनगट लागत नाही. समोरच्याच्या टोमण्याला चपखल उत्तर दिलं की तो मागे सरतो. वाटेत भेटेल त्या चाच्याशी लढायचं, हरायचं, आणि हरता हरता त्याचे टोमणे उचलायचे. दादाने वहीत उभी रेघ मारली होती. डावीकडे टोमणा, उजवीकडे उत्तर, उत्तर सापडलं नसेल तिथे पेन्सिलीची फुली. डावी बाजू तो वाचायचा, उजवी मी.

नव्या आवृत्तीत एफ१० दाबलं की रंगवलेलं, गुळगुळीत चित्र जातं आणि मेले आयलंडची ती जुनी ठोकळ्या-ठोकळ्यांची निळी रात्र येते. गायब्रश त्याच जागी उभा. बोलणं मात्र बंद, कारण जुन्या रूपात आवाज ठेवलेलेच नाहीत.

मी दाबलं ते त्यासाठीच. दादा ऐकू येईल म्हणून. नाही आला. चित्र जुनं, अक्षरं जुनी, आणि डोक्यात वाचणारा आर्माटो. परत नवं केलं, परत जुनं. तोच. इतकी वर्षं जे आपोआप ऐकू यायचं ते एका संध्याकाळीत पुसलं गेलं. मला कुणी विचारलं होतं? वाटण्या झाल्या तेव्हाही... जाऊ दे, ते आज नको.

रात्री झोप नव्हती म्हणून आठवत बसले. २०१० मध्ये दुसऱ्या भागाची स्पेशल एडिशन आली, तिच्यात जुन्या चित्रांवरही आवाज ऐकायची सोय केली होती. म्हणजे जुनी चित्रं हवी असणाऱ्यांनाही ती शांतता नकोच असणार. बरोबरच आहे. शेजारी बसून वाचून दाखवणारं माणूस ज्याला नाही, त्याच्यासाठी कुणीतरी बोलायला हवंच. आर्माटो मनापासून बोलतो. त्याच्यावर राग धरण्यात काही अर्थ नाही, आणि आता तो तेवढा उरलाही नाही.

दादाला फोन करावा का? रविवारी बघू. वही त्याच्याकडेच असेल.

कार्लाशी लढत अजून बाकी आहे. ती तलवारीची उस्ताद, तिचे टोमणे वहीत नाहीत, सगळे नवे. पण तिला उत्तरं लागू पडतात ती जुनीच, कुठलं कुठे बसतं एवढं ओळखायचं. डावी बाजू तिथे कामाचीच नाही. उजवी मला अजून बरीचशी पाठ आहे. उद्या एफ१० दाबून खेळणार, आणि मोठ्याने म्हणणार.