तिसरी नाइट

सकाळी पुढच्या शिफ्टच्या नर्सला ओव्हर देऊन (पेशंटांची माहिती सोपवून) बाहेर पडले तेव्हा लक्षात आलं, रात्री ८ पासून मी पाणीच प्यायले नव्हते. ४० पेशंटांचे इनटेक-आउटपुट चोख लिहिले, स्वतःचा इनटेक शून्य!

पहाटे एक आजोबा गेले. चादर ओढताना हात थरथरला. वॉर्डातल्या मावशींनी काही न विचारता चहा पुढे केला, "बस गं पोरी, दोन मिनिटं." बसले आणि रडले.

नंतर इन्चार्ज सिस्टरांनी १४४१६ हा टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर सेव्ह करायला लावला. मोफत, २४ तास, मराठीतही बोलतात. बी.एस्सी. नर्सिंगच्या ४ वर्षांत आम्हाला कुणी सांगितला नव्हता.

आता पडदे ओढून झोपतेय. आई, फोन करू नकोस, डबा संपवलाय. (अर्धाच.)