फुल फ्रेम घेतला, पण लेन्स?

गेल्या दिवाळीत मी सेकंड हँड निकॉन झेड ५ कॅमेरा घेतला. आठ वर्षं वापरलेल्या डी ५६०० नंतरचा माझा पहिला फुल फ्रेम, म्हणजे मोठ्या सेन्सरचा. दुकानदार म्हणाला, "साहेब, लेन्सची घाई कशाला? तुमची जुनी अडॅप्टर लावून चालते की." चालते, हे खरंच होतं. त्या 'चालते'मध्ये काय दडलंय ते त्याने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही.

त्याच संध्याकाळी रामकुंडावर आरतीला गेलो. जुनी १८-१४० (१८ ते १४० मिलिमीटर झूमची लेन्स) अडॅप्टरवर चढवली, शंभरेक फोटो काढले आणि रात्री जेवण झाल्यावर कॉम्प्युटरवर उघडले. फाइली फारच छोट्या. जुन्या कॅमेऱ्यात २४ मेगापिक्सेल मिळायचे, इथे जेमतेम १०. माझी लेन्स क्रॉप, म्हणजे लहान सेन्सरसाठी बनवलेली. तिचं प्रकाशाचं वर्तुळ मोठ्या सेन्सरच्या कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही, म्हणून कॅमेरा आपोआप मधलाच तुकडा वापरतो. थोडक्यात, पाऊण लाखाच्या आसपास घालवून मी माझाच जुना कॅमेरा पुन्हा विकत घेतला होता, तोही निम्म्याहून कमी पिक्सेलचा. बायकोने विचारलं, "कसे आलेत?" म्हटलं, "छान."

तर लेन्स हवीच होती, आणि एकच परवडणार होती. ती 'सगळ्याला चालणारी' असावी एवढं डोक्यात पक्कं होतं. सगळं म्हणजे काय, याचा मात्र पत्ता नव्हता.

माझं सगळं असं. नोकरी पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका द्राक्षांच्या पॅकहाऊसमध्ये. त्यामुळे हंगामात घड, मणी, डावणी-भुरी या रोगांचे डाग असलं जवळून टिपायची सवय लागलेली. सुट्टीच्या दिवशी जुनं नाशिक: तांबट गल्ली, तिवंधा, घाट, पडायला आलेले वाडे. वर्षातून एकदा रंगपंचमीची रहाड, म्हणजे रंगाच्या पाण्याचा जमिनीतला हौद. आणि थंडीत नांदूरमधमेश्वरचे पक्षी. मित्रमंडळींत माझी ओळख 'पक्षीवाला' अशी. मलाही तसंच वाटायचं, म्हणून पहिला ओढा साहजिकच २४-२००कडे होता. एकाच नळीत सगळं.

पॅकहाऊसमधल्या एका पोराने डोकं चालवलं. तो लग्नाच्या सीझनला व्हिडिओ शूट करतो. म्हणाला, "भाऊ, तुम्ही काय काढता ते तुम्हाला काय विचारायचं? तुमच्या फोटोंनाच विचारा ना." प्रत्येक फाइलमध्ये फोकल लेन्थ, म्हणजे झूम किती मिलिमीटरवर होता ते, नोंदलेलं असतं. लाइटरूम या फोटोंच्या सॉफ्टवेअरमध्ये या नोंदींचं फिल्टर लावलं की कुठल्या आकड्यावर किती फोटो ते समोर येतं. सगळ्या फोटोंवर ते लावण्यात अर्थ नव्हता, कारण एका बगळ्यावर मी चाळीस चाळीस फोटो उडवतो. म्हणून चार वर्षांत मी स्वतः निवडून ठेवलेले, तारा दिलेले तेवढेच घेतले. ६४० निघाले.

त्यातले २३१ फोटो १८ ते २० मिलिमीटरवर. २० ते ५०च्या मध्ये २१४, ५० ते ८०मध्ये १०२. ८०च्या पुढे उरले फक्त ९३, आणि त्यातले ६१ अगदी १४०वर, म्हणजे झूम संपेपर्यंत फिरवून काढलेले. ते ६१ उघडून पाहिले तर बहुतेक नांदूरचे पक्षी: पाण्यावर ठिपका, ठिपक्याला चोच. तारे कसले दिले होते मी! आठवण म्हणून दिले असणार. दोनशे मिलिमीटरने त्या ठिपक्याचा पक्षी होत नाही, त्याला पाचशे-सहाशे लागतात. ती वेगळी लेन्स, वेगळं बजेट, आणि बहुधा वेगळी बायको.

खरा धक्का १८च्या आकड्याने दिला. मी १८वर एवढे फोटो काढले ते आवडीने नाही, पाठ भिंतीला टेकली म्हणून. तांबट गल्लीत वाड्याचा दरवाजा घ्यायचा तर मागे सरकायला जागाच नसते. क्रॉपवरचा आकडा फुल फ्रेमवर दीडपट धरायचा, म्हणजे १८चे २७. नवी लेन्स २४ पासून सुरू होणार. तीनच मिलिमीटरचा फरक, म्हणून मी तो सोडून दिला होता. मग शाळेतल्या समरूप त्रिकोणांनी हिशोब केला. भिंतीपासून तीन मीटरवर उभं राहिलं तर २७वर चार मीटर रुंदी चौकटीत येते, २४वर साडेचार. वाड्याच्या दरवाजाला लागून जो ओटा नेहमी कापला जायचा, तो त्या अर्ध्या मीटरमध्येच होता.

क्रॉपवरचे ८० म्हणजे फुल फ्रेमवरचे १२०. २३१, २१४ आणि १०२ मिळून ५४७. माझ्या ६४० निवडक फोटोंपैकी एवढे सगळे २४ ते १२०च्या आत बसत होते. 'पक्षीवाला' तिथेच संपला.

तरीही २४-२०० डोक्यातून जात नव्हती, म्हणून ती आणि २४-१२० एफ/४ अशा दोन्ही लेन्स भाड्याने घेऊन बघायचं ठरवलं. लग्नसराईत नाशिकमध्ये भाड्याने लेन्स मिळणं म्हणजे मंगल कार्यालय मिळण्यासारखंच. पण पौष लागला आणि सगळ्यांचा माल कपाटात पडून राहिला. भाड्याने देणारा स्वतःच म्हणाला, "घेऊन जा दादा, शुक्रवारी न्या, सोमवारी आणा, दोन दिवसांचेच द्या." एका शनिवार-रविवारी २४-२००, पुढच्याला २४-१२०. ठिकाणं दोन्ही वेळा तीच: ओळखीचा एक वाडा, घाटावरची आरती, आणि साहेबांच्या परवानगीने बागेतला एक तास.

२४-२०० हातात घेतल्यावर पहिला आनंद वजनाचा. ५७० ग्रॅम. दिवसा घाटावर ती फारच गोड. या काठावर उभं राहून पलीकडच्या पायऱ्यांवर कपडे पिळणारी बाई घ्या, दुतोंड्या मारुतीच्या खांद्यावर बसलेला कावळा घ्या, जागचं हलायला नको. ब्रह्मगिरी चढणाऱ्याने, सहलीला जाणाऱ्याने, उन्हात हिंडणाऱ्याने डोळे मिटून तीच घ्यावी, हे माझं आजही मत आहे. घोळ दिवे लागल्यावर सुरू होतो. तिचं अॅपर्चर शंभर मिलिमीटरच्या आतच एफ/६.३वर येतं, म्हणजे प्रकाश आत सोडणारं भोक बारीक होतं; एफचा आकडा जेवढा मोठा तेवढा प्रकाश कमी. आरतीच्या ज्योतीवर हात स्थिर ठेवून चालत नाही, पुजाऱ्याचा हात हलतो, शटर वेगवानच लागतं. आयएसओ, म्हणजे सेन्सरची संवेदनशीलता, १२८००ला जाऊन बसला; तो जेवढा वर तेवढा फोटो खरबरीत. पुढच्या आठवड्यात त्याच जागी, त्याच शटरला, १२० मिलिमीटरवर एफ/४ने आयएसओ ५०००च्या आसपास भागलं.

फुल फ्रेम घेताना आपण सेन्सरच्या आकाराचे पैसे देतो. माझ्या जुन्या सेन्सरपेक्षा नव्याचं क्षेत्रफळ सव्वादोन पटींहून जास्त, म्हणजे साधारण सव्वा स्टॉपचा फायदा (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश). त्यावर अंधारी लेन्स लावली की त्यातला एक भाग परत जातो. बॉडीबरोबर येणाऱ्या २४-५० किट लेन्सचं तर बोलायलाच नको. १९५ ग्रॅमची, खिशात मावणारी, पण ५०वर तीही एफ/६.३. क्रॉपवरची साधी १८-५५ त्याच जागी याहून उजळ असते. एवढा खर्च करून सव्वा स्टॉप घ्यायचा आणि लेन्सच्या दारात सोडून यायचा, याला काय म्हणावं!

निर्णय मात्र बागेत झाला, आणि तो मी कुठल्याच तुलनेत वाचला नव्हता. निर्यातीच्या प्रतीचा १८ मिलिमीटरचा मणी, त्यावर भुरीची पांढरी झाक. जुन्या १८-१४०ने मी अगदी जवळ गेलो की चौकटीत सुमारे १० सेंटीमीटर रुंदी यायची. मोठ्या सेन्सरने आणखी बारकावा मिळेल असं मी धरून चाललो होतो. २४-२०० लावली आणि घड जवळ येईचना. तिची सर्वात मोठी प्रतिमा मूळ वस्तूच्या ०.२८ पट. सेन्सरची रुंदी ३६ मिलिमीटर, भागाकार करा, जवळजवळ १३ सेंटीमीटर. म्हणजे मोठ्या सेन्सरवर मी मण्यापासून लांब गेलो होतो! सेन्सर मोठा झाला की त्याच आकड्याची लेन्स जास्त जागा दाखवते, हे भिंतीसमोर वरदान आणि मण्यासमोर शाप. २४-१२० मात्र ३५ सेंटीमीटरपर्यंत जवळ जाते, १२०वर ०.३९ पट. भागाकार साडेनऊच्याही आत येतो. चौकटीत आडवे पाच मणी आणि त्यांच्यावरची झाक. अगदी जवळून टिपणारी मॅक्रो लेन्स नव्हे ही, पण माझ्या कामाला पुरतं.

लग्नवाला पोरगा म्हणाला, "एवढं करताय तर २४-७० एफ/२.८च घ्या, प्रो लेन्स." त्याच्यासाठी ती बरोबर आहे. मला ७०ला संपणारी, ८०५ ग्रॅमची आणि मण्याजवळ न जाणारी लेन्स फक्त एका स्टॉपसाठी नको होती. वाड्याच्या अंधाऱ्या माजघरात झेड ५च्या बॉडीतलं स्टॅबिलायझेशन एक अष्टमांश सेकंदालाही हात सांभाळून घेतं. झोपाळा, देवळी, तांब्याचं घंगाळ हलत नाहीत. घरातल्या आजी हलतात, ही अडचण आहेच. त्यासाठी पुढेमागे ४० मिलिमीटर एफ/२ घेईन, १७० ग्रॅमची आहे आणि एफ/४पेक्षा दोन स्टॉप उजळ.

नवी २४-१२० परवडत नव्हती. पहिली सेकंड हँड लेन्स इथेच शहरात पाहिली. बाहेरून चकाचक. मोबाइलचा टॉर्च मागून आत टाकला तर एका कडेला कोळिष्टकासारखे बारीक धागे. विकणारा म्हणाला, "धूळ आहे." धुळीला फांद्या फुटत नाहीत. आपल्याकडच्या पावसाळ्यात कपाटात बंद ठेवलेल्या लेन्सला बुरशी धरायला वेळ लागत नाही. मी नमस्कार केला आणि निघालो.

दुसरी पुण्याच्या एका फोटोग्राफरकडे होती. तो २.८वर गेला होता. वाटेत संगमनेरला भेटायचं ठरलं, एका हॉटेलात. चहा यायच्या आत मी टॉर्च काढला. मग झूमची रिंग दोन्ही टोकांना फिरवून कुठे अडकते का ते पाहिलं, मागचे संपर्काचे सोनेरी ठिपके पाहिले, ७७ मिलिमीटरच्या फिल्टरचे आटे पाहिले. कुठेतरी पडली असेल तर आट्याला पोचा येतो. बिलावरचा आणि लेन्सवरचा नंबर जुळवला, बिल भारतातलंच होतं. शेवटी हॉटेलवाल्याकडून कालचा पेपर मागून भिंतीला चिकटवला आणि २४वर, एफ/४ला, समोरून सरळ फोटो काढला. चारही कोपऱ्यांतली अक्षरं सारखी वाचता आली पाहिजेत. एकच बाजू पुसट असेल तर आतली काच हललेली असते. पुणेकर शांतपणे बघत होता. शेवटी म्हणाला, "मुलगी बघायला आल्यासारखं बघताय." व्यवहार झाला. चहाचे पैसे त्याने दिले.

आता खांद्याला बॉडी ६७५ आणि लेन्स ६३०, मिळून एक किलो ३०५ ग्रॅम. जुना संच ९५५ ग्रॅमचा होता. साडेतीनशे ग्रॅम ऐकायला काही नाही. तपोवनापासून घाटाघाटाने चालत आलात की मान सांगते. आणि नांदूरला गेलो तर क्रॉप मोड लावून १२०चे १८० करता येतात, पुन्हा तेच १० मेगापिक्सेल. ठिपके ठिपकेच राहणार. यंदा दुर्बीण घेऊन गेलो. चित्रबलाक जास्त चांगले दिसले.

रंगपंचमीला लेन्सची पहिली खरी परीक्षा होती. रहाडी वर्षभर फळ्या आणि मातीखाली झाकलेल्या असतात. त्या दिवशी त्यांत रंगाचं पाणी भरून तयार असतं आणि माणसं वरून 'धप्पा' मारतात. उडालेलं पाणी समोरच्यावर. तिथे लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरला रंगात बुडवणं. ही लेन्स शिंतोडे सोसते म्हणतात, पण धप्पा म्हणजे शिंतोडा नव्हे. शॉवर कॅप, दुधाच्या पिशव्या आणि रबर बँड असा माझा जामानिमा होता. पाठ भिंतीला, २४वर. पुतण्याने मला हात केला आणि उडी घेतली. झेड ५ सेकंदाला साडेचारच फ्रेम काढतो, त्यामुळे तो हवेत असलेली फ्रेम एकच आली. पण आली. मागे वाड्याची गॅलरी, गॅलरीत ओळीने बायका, खाली गर्दीची वर उचललेली तोंडं, मधोमध हा, हातपाय पसरलेला, आणि एका कडेला, कापला न गेलेला, ओटा.

संध्याकाळी त्याला पाठवला. त्याने लगेच डीपी लावला. उघडून पाहिलं तर गोलात फक्त त्याचं डोकं.